लायसन येईपर्यंत

लोहारा,
१४ ऑगस्ट २०२१

चि. शिवप्रियास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र आलेलं बघून हसू नकोस. तुझ्या फोनमध्ये मला नुसती खरखर ऐकू येते, आणि कानातलं मशीन घातलं की शेजारच्या मिक्सरसकट सगळं गाव डोक्यात शिरतं. जन्म पोरांच्या वह्या तपासण्यात गेला, त्यामुळं कागदावरचं मला नीट समजतं. तेव्हा बापाशी तू फोनवर बोल आणि माझ्याशी कागदावर.

तुला त्या विमान उडवायच्या शाळेत सोडून आल्यापासून तुझ्या बापाचं, शांतलिंगाचं, काही खरं नाही. आडतीवर बसतो, पण तुरीचं माप चाललेलं असताना हा आपला आभाळाकडं बघतो. परवा मला म्हणाला, "अक्का, दोनशे तास उडवलं की झालं म्हणत्यात. दोनशे तास म्हंजे नऊ दिवस बी न्हाईत. मग दीड वरीस कशाला लागतंय?" मीही हिशेब केला, बरोबर निघाला. आता तूच सांग, बाकीचे दिवस तुम्हाला काय करायला लावतात? विमानं झाडून घेतात की काय?

दुसरी बातमी जरा वैतागाची आहे. मंगळवारी तो एकटाच येरमाळ्याला गेला, येडाईच्या देवळाच्या पायऱ्यांशी चपला काढल्या आणि तिथंच ठेवून अनवाणी एसटीनं घरी आला. मला वाटलं, चोरीला गेल्या. तर म्हणे नवस केलाय. काय मागितलंस म्हटलं तर, "बोलून दाखवलं की फळत न्हाय." यात विचारण्यासारखं तरी काय उरलंय म्हणा! बाजारात कुणी हटकलं की मीच सांगते, पोरीला लायसन येईपर्यंत चप्पल घालणार नाही. तो नुसती मान हलवतो.

त्याची साखर तुला माहीत आहे. पायाला जपा म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, आणि हा नेमका पायच पुढं करून आला. सोडायचंच होतं तर गूळ सोडायचा होता. असो. दीड वर्ष म्हणजे मधे एकच उन्हाळा येतो. तेवढा कसाबसा काढू.

मेसमध्ये काही नवीन दिसलं तर आधी अंडं आहे का विचार, मग खा.

तुझी,
उमादेवी आत्या


अकादमीचं होस्टेल,
१८ जानेवारी २०२२

ती. आत्यास,
शरणु.

तुमचं पत्र मी खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं. "झाडून घेतात का" यावर सगळ्या इतक्या हसल्या की वॉर्डन वर आल्या. झाडून घेत नाहीत, पण घेतलं असतं तर बरं, हाताला काहीतरी काम तरी असतं. इथं मुख्य काम म्हणजे थांबणं.

पहाटे उठून, गणवेश घालून, नकाशा मांडीवर घेऊन बसायचं. धुकं असतं. ते जाईपर्यंत थांबायचं. धुकं गेलं की दुसऱ्याची पाळी असते, कारण मुलं पुष्कळ आणि विमानं थोडी. माझी पाळी आली की वारा सुटतो. वारा पडला की विमानाची तपासणी निघते. अप्पांचे नऊ दिवस असे चमच्या-चमच्यानं मिळतात. शिवाय हवामान, दिशा, नियम आणि इंजिन असे चार पेपर, टॉवरशी रेडिओवर बोलायची वेगळी परीक्षा आणि दरवर्षी डॉक्टरांचा दाखला. यातलं एक अडलं की बाकी सगळं अडतं.

पण एक सांगायचं आहे. परवा मी एकटी उडाले! सर उतरले, दार लावलं आणि म्हणाले, जा. एकच फेरी मारायची होती. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि विमान हलकं होऊन भसकन वर गेलं. मी मोठमोठ्यानं बोलत होते, एकटीच. उतरल्यावर सगळ्यांनी बादल्या आणून मला चिंब भिजवलं, इथली तशी रीत आहे.

अप्पांना लगेच फोन केला. मला वाटलं होतं, सगळ्या आडत बाजाराला ऐकू जाईल असं ओरडतील. पण ते गप्पच झाले. मग म्हणाले, "संगं कुणीच न्हवतं?" आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल.

त्यांना सांगा, पुढच्या मार्चच्या आत लायसन्स हातात पडेल. आणि तोवर पायात निदान मोजे घाला म्हणावं.

तुमची,
शिवप्रिया


लोहारा,
९ मे २०२२

चि. शिवप्रियास,
आशीर्वाद.

मोजे म्हणजे पायताणच झालं, असं तुझ्या बापाचं म्हणणं आहे. मी वाद घालायचं सोडून दिलंय.

ऊन मी म्हणतंय. घरापासून आडतीपर्यंत डांबरी रस्ता, आणि हा त्यावरून असा चालतो की बघणाऱ्याच्याच तळपायाला चटके बसावेत. घरी येऊन न्हाणीत पाय पाण्यात सोडून बसतो. भाजलं का विचारलं तर म्हणतो, "काय कळतच न्हाय." मला वाटलं, भक्ती आहे. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. साखरेनं पाय बधिर होत चाललेत म्हणाले, भक्तीबिक्ती काही नाही.

बाजारात मात्र त्याचा भाव वाढलाय. माल घेऊन आलेली माणसं आधी विचारतात, "मालक, लायसन आलं का?" एका म्हातारीनं तर परवा त्याच्या पाया पडून घेतलं. लाजून कोठारात जाऊन बसला.

तुझं ते एकटीनं उडाल्याचं पत्र त्यानं मागून घेतलं आणि माझ्यादेखत दोनदा वाचलं. तेव्हापासून देवापुढं पहिल्यापेक्षा जास्त वेळ बसतो. अभिमान वाटतो त्याला, दुसरं काय! तोंडानं बोलणार नाही एवढंच.

मार्चच्या आत म्हणालीस ते ध्यानात ठेवलंय.

आत्या


अकादमीचं होस्टेल,
२ फेब्रुवारी २०२३

ती. आत्यास,
शरणु.

बरेच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं की लिहीन असं म्हणत राहिले, आणि काही घडलंच नाही.

पावसाळाभर ढग खाली उतरलेले होते, कुणीच उडालं नाही. पाऊस गेला तेव्हा आमच्यातल्या दोन विमानांची इंजिनं उतरवून ठेवली होती. सुटा भाग परदेशातून यायचा आहे, तो अजून येतोच आहे. ज्या सरांनी मला एकटीला सोडलं ते मोठ्या कंपनीत गेले. त्यांच्या जागी आलेल्या सरांना आधीची मुलं पुढं ढकलायची आहेत. माझे निम्मेही तास झालेले नाहीत. तेव्हा मार्चचं विसरा. वर्षअखेर धरा.

चार पेपर सुटले. रेडिओची परीक्षाही होऊन गेली, त्याबद्दल नंतर लिहीन.

व्हिडिओ कॉलवर अप्पांचा फक्त चेहरा दिसतो. पाय दाखवा म्हटलं तर फोन छताकडं धरतात. तुम्हीच खरं सांगा, पाय कसे आहेत?

शिवप्रिया


लोहारा,
२१ ऑगस्ट २०२३

चि. शिवप्रियास,
आशीर्वाद.

पाय ठीक आहेत. मधे उजव्या पायाला काहीतरी लागलं होतं. फरशीवर डाग दिसले म्हणून कळलं, त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. मलमपट्टी चालू आहे. तू इकडची काळजी करू नकोस.

तुझं मात्र मला नीट कळलं नाही. रेडिओचं नंतर लिहिते म्हणालीस, ते आजतागायत लिहिलं नाहीस. वर्गात एखादं पोरगं प्रगतिपुस्तक "उद्या दाखवतो" म्हणालं की त्यात काय आहे ते मला आजच कळायचं. पास झालीस ना?

शांतलिंग रोज संध्याकाळी विचारतो, "आज उडली व्हय?" मला काय ठाऊक असणार! अंदाजानं नाही म्हटलं की त्या दिवशी बरा जेवतो. हो म्हटलं की दोन घास कमी. वाट बघून बघून माणसाचं डोकं उलटं चालायला लागलंय.

आत्या


अकादमीचं होस्टेल,
१० डिसेंबर २०२३

ती. आत्यास,
शरणु.

तुमच्यापासून लपवून काही राहत नाही. नापास झाले होते. कानाला हेडफोन लावून समोरचे साहेब टॉवर व्हायचे आणि मी विमान. ते विचारायचे, मी आधी मनात मराठीत जुळवायची, मग इंग्रजीत उत्तर द्यायची. तेवढ्यात माझं कागदावरचं विमान दोन डोंगर ओलांडून गेलेलं असायचं. वर्षभरानं पुन्हा बसले, या वेळी सुटले. तुम्हाला कळवायची हिंमत होत नव्हती, कारण माझ्या प्रत्येक नापासाला अप्पा तेवढे दिवस जास्त अनवाणी चालणार.

आत्या, मी थकले आहे. उडून नाही. महिन्यातून दोनदा उडते, त्या दिवशी तर अंगात वारं भरल्यासारखं वाटतं. थकवा बसण्याचा आहे. शाळेत माझ्याबरोबर असलेल्या मुली बँकेत लागल्या, दोघींची लग्नं झाली, एकीला मूल आहे. मी अजून पहाटे गणवेश घालून धुक्याकडं बघत बसते. फोन आला की लोक नमस्काराच्या आधी विचारतात, झालं का? मी म्हणते, होत आलं. हे "होत आलं" मी गेली दोन वर्षं म्हणते आहे.

उजव्या पायाची जखम भरली ना? त्याबद्दल नंतर तुम्हीही काही लिहिलं नाहीत.

शिवप्रिया


लोहारा,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. शिवप्रियास,
आशीर्वाद.

तुला कळवायचं नाही म्हणून त्यानं मला शपथ घातली होती. मी ती मोडते आहे. पाप लागायचं ते मला लागू दे.

जखम भरली नाही, आत गेली. काळी पडली तेव्हा सोलापूरला नेलं. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. आता घरी आहे, ताप नाही, जेवतो. रडू नकोस. मी रडून झाले आहे.

डॉक्टर तरुण होते, पण चांगले ओरडले. म्हणाले, बिनपायताणाचं एक पाऊलही टाकायचं नाही, पुढच्या खेपेला बोटावर भागणार नाही. त्यांनीच मऊ तळाच्या, पट्ट्याच्या काळ्या चपला लिहून दिल्या. मी त्या लगोलग आणल्या. शांतलिंग "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणाला आणि दवाखान्याच्या फाटकातून बँडेज बांधलेल्या पायानं तसाच बाहेर आला. चपला पिशवीत. तिथं भर रस्त्यात मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

आता मी सांगते ते कर. पोरांना मी कधी खोटं बोलायला शिकवलं नाही, पण तुला सांगते. फोन कर आणि लायसन आलं म्हणून सांग. खरं यायचं तेव्हा येऊ दे, निदान तो चप्पल तरी घालेल. येडाईला मी समजावून सांगेन. बायकांचं बायकांना कळतं.

आत्या


अकादमीचं होस्टेल,
११ मार्च २०२४

ती. आत्यास,
शरणु.

पत्र वाचल्यापासून डोळ्यापुढून ते बोट जात नाही. लहानपणी मी त्यांच्या पायावर उभी राहायचे आणि ते मला तसंच घरभर चालवायचे, ते आठवत राहिलं.

काल तुम्ही सांगितलंत तसं केलं. म्हटलं, अप्पा, लायसन्स आलं.  म्हणाले, "लई ब्येस झालं, माय."  मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन बसले. खोटं लायसन्स इतकं सहज मिळतं, आणि खऱ्यासाठी मी इथं म्हातारी होते आहे.

घातली का चप्पल? एवढंच लगेच कळवा.

शिवप्रिया


लोहारा,
२० मार्च २०२४

चि. शिवप्रियास,
आशीर्वाद.

नाही घातली.

पेढे वाटले. हमालांपासून तलाठ्यापर्यंत कुणाला सोडलं नाही. आडत बाजारात फटाक्यांची माळ लावली. रुद्रेशनं, आपल्या दुकानातल्या मुनीमानं, तुझा फोटो टाकून मोठा फ्लेक्स करून आणला. त्यावर तू विमानाशेजारी उभी आहेस आणि खाली बाजार समितीतल्या झाडून सगळ्यांची तोंडं आहेत. तो चौकात लागला. आणि त्या फ्लेक्सखाली तुझा बाप अनवाणी उभा राहून लोकांचे नमस्कार घेत होता.

मी चपला पुढं ठेवल्या. म्हटलं, आता तर घाल. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे की अक्का." बस्स, एवढंच.

त्याला कळलंय गं. आपण दोघी मिळून त्याला फसवतोय, हे त्यानं ओळखलं असणार. व्यापारी माणूस आहे, मूठभर दाणे हातात घेऊन पोत्यात काय आहे ते सांगतो. तुझ्या आवाजातला ओलावा त्याला लागला असेल. तोंडावर बोलून आपल्याला उघडं पाडायचं नाही म्हणून गप्प आहे.

तेव्हा आता खरंच आण. दुसरा इलाज मला दिसत नाही. मी रोज त्याचे तळपाय धुऊन तपासते. फ्लेक्स आहे तोवर तू गावाकडं फिरकू नकोस, लोक विमानाचंच विचारत बसतील.

आत्या


अकादमीचं होस्टेल,
१२ मार्च २०२५

ती. आत्यास,
शरणु.

आलं.

खरंच आलं. आता ते मोबाइलवरच येतं, त्यामुळं पाकीट फोडायची मजाही नाही. मी मेसमध्ये वरण-भात खात होते. फोन वाजला, बघितलं, आणि उरलेला भात संपवला. वाटलं होतं, उड्या मारीन. नुसतं हायसं वाटलं, जड पोतं उतरवल्यावर खांद्याला वाटतं तसं.

गेलं वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. कुणाची पाळी रिकामी झाली की धावत जाऊन बसायची, सणावारी सगळे घरी गेले की मी इथंच. प्रत्येक तास वहीत चढवताना मनात म्हणायची, अप्पांची एवढी पावलं वाचली. दीड वर्षाचं लायसन्स साडेतीन वर्षांनी मिळालं. इथले सर म्हणतात, तरी तू लवकर सुटलीस.

अकादमीतच सहायक प्रशिक्षक होण्यासाठी माझं नाव घेतलं आहे. पुढच्या महिन्यापासून जवळजवळ रोज उडायचं आहे.

पण अप्पांना हे दुसऱ्यांदा कसं सांगू? तुम्हीच हे पत्र त्यांच्या हातात द्या. आधीचं खोटं होतं, हे खरं आहे, असं सांगा. लायसन्सचा छापलेला कागद सोबत आहे. आणि चपला पुढं ठेवा.

शिवप्रिया


लोहारा,
२४ मार्च २०२५

चि. शिवप्रियास,
आशीर्वाद, आणि मनापासून शाबासकी.

शाबासकी आधी लिहिली, कारण पुढचं वाचून तुला ती दिसायची नाही.

तू म्हणालीस तसं केलं. सकाळी पूजा झाल्यावर पत्र दिलं, कागद दिला आणि चपला पुढं ठेवल्या. त्यानं कागद डोळ्याला लावला. गेल्या वर्षीचं खोटं होतं म्हणून सांगितलं तर नुसता हसला. "व्हय? मला खरंच वाटलं हुतं की." म्हणजे त्याला काही कळलेलं नव्हतं, शिवे. आपण वर्षभर उगीच चोरासारख्या वागलो.

मग मी चिडले. म्हटलं, तेव्हा खरं वाटलं होतं तर चप्पल का घातली नाहीस? आणि आता का घालत नाहीस? देवीला आणखी किती पाहिजे? तेव्हा कुठं त्याचं तोंड उघडलं. तो म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते.

"अक्का, म्या लायसनचं मागितलंच न्हवतं. लायसन तिच्या हातचं हाय, ती आणणार हे मला ठावं हुतं. म्या एवढंच म्हणलं, पोरगी वर गेली की तिला नीट खाली येऊ दे. तिचं हे उडणं चालू हाय तवर माझ्या पायात काय नगं. आता लायसन आलं म्हंजे ती रोजच वर जाणार. मग म्या चप्पल घालू तरी कवा?"

 लायसन येईपर्यंत, लायसन येईपर्यंत, असं गावभर मीच सांगत सुटले होते. तो फक्त मान हलवायचा, कारण नवस बोलून दाखवायचा नसतो. तू एकटी उडालीस तेव्हा तो गप्प का झाला, उडाली म्हटलं की दोन घास कमी का खायचा, ते सगळं मला आता दिसलं. मी त्याला अभिमान समजत होते. तो भीतीनं अर्धा झाला होता. तुझी आई गेल्यावर त्याच्याजवळ तूच काय ती आहेस, आणि तू आभाळात.

म्हणजे याला अंत नाही, पोरी. तू उडत राहशील आणि तो चालत राहील. डॉक्टर दुसऱ्या बोटाकडं बघून मान हलवताहेत. माझे तर हात टेकले. तूच काय ते बघ.

आत्या


अकादमीचं होस्टेल,
२ एप्रिल २०२५

तीर्थरूप अप्पांस,
शरणु.

हे पत्र आत्याला नाही, तुम्हाला आहे. फोनवर बोलले असते, पण तुम्ही फोन छताकडं धरता.

अप्पा, साडेतीन वर्षं मला वाटत होतं की माझ्या उशिरापायी तुमचं बोट गेलं. धुकं पडलं की मी त्याला शिव्या द्यायची, कारण तुम्ही डांबरावर चालत आहात. नापास झाले तेव्हा घास उतरला नाही, तोही याच कारणानं. आणि आता कळलं की मी कितीही धावले असते तरी तुम्ही चप्पल घालणार नव्हतात. मला तुमचा फार राग आला आहे. तितकीच मायाही आली आहे, पण आधी राग लिहिते.

तुम्ही माझ्याबद्दल येडाईशी बोललात, मला विचारलं नाहीत. आता मीही एक ठरवलं आहे, आणि मी ते बोलून दाखवते. तुमच्या पायात चप्पल येईपर्यंत मी विमानात पाय ठेवणार नाही. पहिल्या फ्लाइटची माझी पाळी काल होती. ती मी दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. सर खूप बोलले. असंच चाललं तर माझं नाव काढून टाकतील म्हणाले.

ही धमकी समजू नका. आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवतात की उडण्याआधी विमान तपासायचं, आणि त्याच्याही आधी स्वतःला तपासायचं. ताप असेल, झोप झाली नसेल, मन जाग्यावर नसेल तर त्या दिवशी उडायचं नाही. मी पंखावर हात फिरवून बघते, तेल बघते, इंधन बघते. सगळं ठीक असतं. माझंच मन लोहाऱ्याच्या रस्त्यावर तुमच्या पायांमागं फिरत असतं. मला नीट खाली यायला पाहिजे ना तुम्हाला? मग माझ्या डोक्यातून तुमचे अनवाणी पाय आधी काढा. एवढं तुमच्या हातात आहे. बाकीचं मी आणि येडाई मिळून बघू.

तुमची,
शिवप्रिया


लोहारा,
६ मे २०२५

चि. शिवप्रियास,
आशीर्वाद.

फोनवर थोडं तुला कळलंच आहे. पण तुझा बाप सगळं सांगत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझं पत्र वाचून तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. "तुझ्याच लाडानं पोरगी बापाला कोंडीत धरायला लागली," एवढंच एकदा म्हणाला. मी म्हटलं, हट्ट कुणाचा घेतलाय ते आरशात बघ. पाचव्या दिवशी आपण होऊन म्हणाला, "चल अक्का, येरमाळ्याला." मी म्हटलं, जत्रेच्या गर्दीत त्या पायाचा चुराडा होईल. मग जत्रा पांगेपर्यंत थांबलो. धाराशिवला एसटी बदलून दुपारी पोचलो. तो आत गेला आणि किती तरी वेळ आलाच नाही. मला वाटलं, चक्कर येऊन पडला. डोकावले तर हा बाजारात सौदा करताना बसतो तसा मांडी घालून बसलेला, ओठ हलताहेत.

बाहेर आला, शेवटच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "काढ त्या." पिशवीतून मी डॉक्टरांच्या काळ्या चपला काढल्या आणि पट्टे मीच लावले. तो उभा राहिला आणि चार पावलं चालला. मला वाटलं होतं, अशा वेळी मी काहीतरी चांगलं बोलेन. पण त्याच्या पायात काहीतरी बघून मला इतकं रडू आलं की नारळवाल्यानं बसायला पोतं दिलं.

मात्र फुकट सोडेल तो आडत्या कसला! देवीशी त्यानं नवीन ठरवून आणलंय. तू जमिनीवर असलीस की त्याच्या पायात चप्पल. तू वर गेलीस की चप्पल काढायची. आणि बिनपायताणाचं पाऊल टाकायचं नाही हे डॉक्टरांचं म्हणणंही पाळायचं. म्हणून तेवढा वेळ खुर्चीत बसायचं, पाय पाटावर घ्यायचे, जमिनीला टेकवायचे नाहीत. तू निघताना फोन करतेस आणि उतरल्यावर करतेस, त्याच्या मधलं हे असं चाललेलं असतं. त्यानं तुला सांगायला मनाई केलीय, पण त्याच्या शपथांची मला आता सवय झालीय.

काल तू उडालीस तेव्हा आडतीवर माल घेऊन गाड्या उभ्या होत्या. मालक खुर्चीत, चपला बाजूला, पाय पाटावर. रुद्रेश विचारायला आला, माप सुरू करायचं का? तर म्हणाला, "जरा दम धर. पोरगी वर हाय." सगळे थांबले. बिडीसुद्धा कुणी पेटवली नाही.

तेव्हा एक ध्यानात ठेव. उतरलीस की आधी फोन, मग बाकीचं. काल तू उतरून, मैत्रिणींबरोबर चहा पिऊन, मग फोन केलास, हे तू त्याला बोलता बोलता सांगून गेलीस. तुझा चहा होईपर्यंत तो पाय वर घेऊनच बसला होता.

आत्या